हाकेच्या अंतरावर

जुनं गाव आधी पायांना कळतं. हमरस्ता सोडून गल्लीत शिरलं की चाल आपोआप मंदावते. घरांचे उंबरे रस्त्याच्या पातळीखाली गेलेले दिसतात. माती, राख, शेण, विटांचा चुरा आणि शेकडो पावसाळ्यांनी वाहून आणलेला गाळ यांचे थर चढत चढत जमीनच वर आलेली असते, आणि भिंती आपल्या जागी उभ्या राहून त्या चढत्या काळाला गळ्यापर्यंत सोसत असतात. कळंबला हे सारं आणखी खोल जातं. इथे देवच जमिनीच्या पोटात आहे.

चिंतामणीला भेटायला इथे डोंगर चढावा लागत नाही. उतरावं लागतं. पायरीपायरीने उजेड विरळ होतो, गल्लीतले हॉर्न, नारळवाल्यांच्या हाका, चपलांची खरखर वरच राहते, आणि ओल्या दगडाचा, दूर्वांचा, तेलाच्या वातीचा, कोमेजत आलेल्या झेंडूचा असा मिळून एक वास अंगावर येतो. लहानपणी आजीचं बोट धरून उतरताना तो पहिल्यांदा आला होता आणि अजूनही तो आला की माझी मूठ नकळत मिटते, जणू आत ते बोट असावं. समोर चौकोनी कुंड. गौतम ऋषींच्या शापाने पोळलेला इंद्र या पाण्याने निवला, अशी कथा. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपणहून चढत येतं, मूर्तीच्या पायांना शिवतं आणि ओसरतं, असं कळंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्याला इथली माणसं गंगा आली असं म्हणतात. येणं, थोडं थांबणं, पाय शिवणं, परत फिरणं. पाण्यालाही इथे मुक्काम आहे.

माझं माहेर यवतमाळचं. कळंब तिथून एसटीने तासाभराच्याही आत, नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इतक्या जवळचं गाव माणूस दिवसाच पाहतो. दर्शन घ्यायचं, पेढे बांधून घ्यायचे, परतीची गाडी पकडायची. गावाची रात्र मात्र कुणी मागत नाही. आणि गाव खरं असतं ते रात्री. दुकानांच्या फळ्या पडल्यावर, शेवटची एसटी गेल्यावर, ज्यांना परतायला दुसरं घर नाही ते आणि ज्यांचं घर फार लांब आहे ते, एवढेच उरल्यावर. मार्गशीर्षातल्या एका संकष्टीला मी ती रात्र मागितली.

देवळापासून थोड्या अंतरावरची एक साधी धर्मशाळा. कमान, कमानीतून अंगण, अंगणात नळ आणि दगडी मोरी, आणि लाकडी जिना चढून गेलं की एकच लांबट हॉल. शहाबादी फरशी, उंच छत, भिंतीत खोल कोनाडे, कोनाड्यांत दिव्याच्या काजळीचे जुने डाग. आता वीज आहे, तरी ते डाग कुणी पुसले नाहीत. एका कडेला बायका, दुसऱ्या कडेला पुरुष, मध्ये दोरीवर वाळत घातलेली दोन लुगडी: एवढाच काय तो आडोसा. गादी-रजईचं भाडं वेगळं, सतरंजी फुकट. खाली मेजावर जाड पुठ्ठ्याची नोंदवही होती. नाव, गाव, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण. माझ्या आधीच्या पानभर ओळींत शेवटच्या रकान्यात सगळ्यांनी एकच शब्द लिहिला होता, दर्शन. कुणाचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल, कुणाचं थरथरतं, कुठे नुसता अंगठा. आणि त्या एका शब्दाच्या आडोशाला किती नवस, किती तपासण्यांचे अहवाल, किती न जमलेली लग्नं, किती उतरलेली आणि न उतरलेली कर्जं उभी होती, हे त्या वहीला ठाऊक असणार. मीही तोच शब्द लिहिला.

या गावाची एक जुनी नोंद आणखीही आहे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेलं आणि अकबराच्या दरबारात अबुल फजलने साऱ्या साम्राज्याचा हिशेब मांडला, तेव्हा वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यांत, माहूर होतं, वाशिम होतं, नरनाळा होता, आणि कळंबही होतं. कळंब हे प्राचीन आणि महत्त्वाचं नगर, असं तो आईन-इ-अकबरीत लिहितो. आणि पुढे काय लिहावं? बुरूज नाही, बाजार नाही, महाल नाही. इथल्या म्हशी प्रसिद्ध आहेत, असं लिहितो. हे वाचलं तेव्हा मला त्या दूर बसलेल्या दरबारी माणसाबद्दल एकदम माया वाटली होती. तो दरबार कुठे, कळंब कुठे. पण कुण्या अंमलदाराच्या कागदातून, कुण्या घोडेस्वाराच्या तोंडून इथल्या म्हशींची काळी तुकतुकीत पाठ त्या दरबारापर्यंत पोचली होती. त्या पाठीवर तेव्हाही याच नदीचं, चक्रावतीचं, पाणी निथळत असेल.

पुढे सत्तेने गावं बदलली. इंग्रजी अमदानीत हा मुलूख वणीच्या नावाने ओळखला जायचा, १९०५ साली जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं, आणि कधीकाळी सरकारचं ठाणं असलेलं कळंब तालुक्यांच्या गर्दीत उभं राहिलं. कागद हलले, शिक्के हलले. मुक्कामाला येणारी माणसं येत राहिली.

संध्याकाळ तशीच सरत होती. उपासाची संध्याकाळ वेगळी असते. तिला भुकेची एक बारीक धार असते आणि त्या धारेवर सगळ्या वस्तू अधिक स्पष्ट दिसतात. अंगणातल्या नळाचा थेंब, कुणाच्या पिशवीतल्या संत्र्यांचा वास, चुलीवर चढलेल्या वरणाला दिलेली लसणाची फोडणी. वर गच्चीवर सगळे पूर्वेकडे तोंड करून बसले होते. कपाशीच्या शेतांवरून थंडी चालत येत होती. वेचणीचे दिवस होते. गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीला, काट्याकुट्यांना, विजेच्या तारांना पांढरे पुंजके अडकलेले दिसत होते, आणि अंधार वाढत गेला तसे ते पुंजकेच तेवढे उजेडाचे राहिले. मग क्षितिजाशी एक तांबूस कड उगवली, एका बाजूने झिजलेला, थोडा सुजलेला, झोपेतून उठवल्यासारखा चतुर्थीचा चंद्र झाडांच्या शेंड्यांत अडकला, सुटला आणि वर आला. कुणी हात जोडले, कुणी पदर डोक्यावरून घेतला, एका लहान पोराने मोठ्याने विचारलं, आता जेवायचं का? आणि ती सारी गच्ची हसली.

आम्ही खाली पंगतीला बसलो. वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, मोदक नव्हते तर गुळाचा खडा. माझ्या शेजारी केळापूरकडचं एक कोलाम जोडपं होतं. तो फारसा बोलत नव्हता, पण धर्मशाळा आवडली का असं विचारल्यावर म्हणाला, "आमच्या पोडावर बी चावडी असते. मधोमध. पाहुना आला का तिथंच निजते." आणि मग, जणू एवढ्याने पुरतं सांगून झालं नाही असं वाटून, "रातभर आर जळते," असं हळूच जोडलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आर म्हणजे निखारा. निखाऱ्याभोवती निजलेला पाहुणा आणि त्याच्याभोवती निजलेला सगळा पोड, हे चित्र माझ्या ताटातल्या वाफेत कितीतरी वेळ तरंगत राहिलं.

मराठी भाषा तिच्या बालपणापासून या मुक्कामांची आठवण ठेवत आली आहे. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गावोगाव फिरत राहिले, देवळांत, मठांत, झाडाखाली, पडवीत थांबत राहिले. आणि त्यांच्यामागे म्हाइंभटाने लीळाचरित्रात त्यांचा शब्द न् शब्द जपला. पण मला त्याहून विलक्षण वाटते ती चौदाव्या शतकातली स्थानपोथी. स्वामी कुठे बसले, कुठे एक रात्र राहिले, कुठे पुष्कळ दिवस राहिले. त्या देवळाचं दार कुठल्या दिशेला, ओटा कुठल्या अंगाला, वाट कुठून: जवळजवळ सारी पोथी म्हणजे नुसत्या जागांची नोंद. पुढे विदर्भातल्याच वि. भि. कोलत्यांनी ती संपादून आपल्या हाती दिली. यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात बसून चक्रधरांच्या पंथाच्या पोथ्यांच्या शोधात आयुष्य वेचलं. लहानपणी यवतमाळच्या रस्त्यांनी जाताना मला हे काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि एखाद्या पडक्या ओसरीपुढून जाताना पाय घुटमळतात. इथे कोण निजलं असेल?

राजाच्या मुक्कामाची आठवण शिलालेख ठेवतो. एका निःसंग माणसाने एका रात्रीपुरती पाठ टेकली, ती जागा विसरू नये म्हणून कुणीतरी पोथी लिहावी, तिच्या नकला कराव्यात, त्या शतकानुशतकं कापडात बांधून जपाव्यात, हे कुठल्या ओढीने? मला वाटतं, माणूस झोपतो तिथे तो सगळ्यात उघडा असतो. जागेपणी आपण नाव, पद, बोलणं, राग यांनी झाकलेले असतो. निजल्यावर उरतो तो नुसता श्वास. ज्या जमिनीने तो श्वास राखला, तिचं ऋण भाषेला वाटलं असेल.

पण ही जमीन सगळ्यांना सारखी मिळाली नाही. पंढरपुरात कितीतरी धर्मशाळा होत्या, आणि चोखोबांच्या माणसांना त्यांत पाठ टेकायला जागा नव्हती. देवळाचं दार तर १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर उघडलं. त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडातला एक माणूस हाती खराटा, डोक्यावर गाडगं, अंगात चिंध्यांची वाकळ घालून पंढरपुरात आला आणि त्याने ज्यांना कुणी जागा देत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली. गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस अक्षर शिकला नव्हता, पण रात्र कुठे काढावी या प्रश्नाचं ओझं त्याने जितकं ओळखलं तितकं फार थोड्यांनी ओळखलं असेल. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू: जिथे जिथे गरीब माणूस देवाच्या ओढीने जातो आणि रात्री उघड्यावर पडतो, तिथे तिथे त्याने छप्पर बांधलं. स्वतः मात्र त्या छपरांखाली राहिला नाही. चोखामेळा धर्मशाळा त्याने १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पाठ टेकायची जागा पुढे मुलांनी पाटी घेऊन बसायची जागा व्हावी म्हणून. १९५६ च्या डिसेंबरात, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, त्याचा श्वास थांबला तोही प्रवासातच.

कळंबच्या त्या नोंदवहीत जातीचा रकाना नव्हता. सतरंज्या एकाच ढिगातल्या होत्या. ही एवढीशी गोष्ट घडायला किती शतकं लागली, आणि कुणाकुणाच्या खराट्यांनी ती वाट झाडली, हे मनात येऊन मी अंथरुणावर हात फिरवत राहिले. सूत जाडंभरडं होतं, धुवून धुवून मऊ झालेलं, आणि त्याला उन्हाचा वास होता.

"एकलीच आली का बाई?" पलीकडच्या अंथरुणावरून म्हातारीने विचारलं. "हो माय." "मंग इकडं सरक. भितीजोळ. तिकून वारा येते." आणि तिने आपलं गाठोडं उचलून मला भिंतीकडची जागा दिली. इतक्या सहज की मी नाही म्हणायच्या आत मी तिथे होते.

दिवा गेला. हॉलमध्ये चंद्र आला. आधी उंच झरोक्यातून एक तिरपी पट्टी, मग ती पट्टी भिंतीवरून उतरत, लुगड्यांच्या काठांना शिवत, फरशीवर पसरत गेली, आणि पंचवीस-तीस माणसांची झोप तिच्या काठाकाठाने पहुडली. अंधारात घर दिसत नाही, ऐकू येतं. एक बांगडी. एक जांभई. मूल कुशीवर वळलं त्याचं कुरकुरणं आणि आईने न उठताच थोपटलेले तीन-चार ठोके. कुणी देवाचं नाव घेत घेत अर्ध्यात थांबलं. दूर रस्त्यावर कापसाचा ट्रक गियर बदलत चढाव चढला. घोरणं एका कोपऱ्यातून निघालं, दुसऱ्या कोपऱ्याने त्याला उत्तर दिलं. परक्या माणसांचे श्वास आधी वेगवेगळे ऐकू येतात. कुणाचा लांब, कुणाचा अडखळता, कुणाचा शिट्टीसारखा. मग केव्हातरी ते एकमेकांत मिसळू लागतात, हॉल स्वतःच श्वास घेऊ लागतो, आणि आपणही त्याच्या छातीत कुठेतरी उचलले जातो, उतरवले जातो.

एक श्वास मिसळत नव्हता.

लुगड्यांच्या पलीकडे कुणीतरी कूस बदलत होतं. एकदा, मग पुन्हा, मग उठून बसल्याची सळसळ, दाबलेला उसासा, पुन्हा आडवं होणं. किती वेळ गेला कोण जाणे. पट्टी सरकून माझ्या पायांशी आली होती. तेवढ्यात शेजारून म्हातारीचा आवाज आला, हळू पण स्पष्ट, अंधाराला सरळ विचारलेला.

"झोप नाही येऊन राह्यली का रे बापू?"

पलीकडे एकदम शांतता. मग, "नाही ना माय. असंच."

"असंच कोनी जागं राह्यत नाही. पानी पेतं का?"

ती उठली, तिने कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि लुगड्याखालून हात घालून पुढे केला. पाणी पितानाचा गळ्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतर तो बोलू लागला. थांबत, घोटत. औंदा पानी लय झालं. बोंडं झाडावरच सडली. जे वेचलं त्याले भाव नाही. पोरगी वर्ध्याले शिकते, तिची फी. आन् सोसायटीचं तं जुनंच हाय. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती; कुणी रात्री अंधारात पुन्हा पुन्हा मोजलेलं तेच ते बिनचूक मोजून दाखवावं, तसं तो सांगत होता.

म्हातारी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचं म्हातारं बिमार होतं तवा मी त्यायले घेऊन मुंबईले गेलती. टाटाले. दादरले गाडगेबाबाच्या नावाची धर्मशाळा हाय, तिथं राह्यलो. तिथं रातच्याले कोनालेच झोप नोयती. पर एकमेकायले माहीत राहे का हा जागा हाय. त्यानंच सकाळ होये."

आणि मग त्या अंधारात मला न दिसणारे आणखी काही जण जागे असल्याचं कळलं. पुरुषांच्या बाजूने कुणी खोकून म्हणालं, तहसीलात नुकसानभरपाईचे अर्ज घेऊन राह्यले, भरला का? दुसरा म्हणाला, मी उद्या तिकडेच चाललो, संगं चाल. फीचं विचारून पाह्य, हप्ते पाडून देतात, असं एक बायकी, झोपाळलेला आवाज माझ्या पायांच्या दिशेने आला. कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नव्हता. बोलणं हळूहळू विरलं. आणखी एकदा कूस बदलल्याची सळसळ झाली.

मग तो घोरू लागला.

मला मात्र झोप लागेना. या जिल्ह्याचं नाव गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत ज्या कारणाने येत राहिलं, ते कारण माझ्या उशाशी येऊन बसलं होतं. किती घरांच्या ओसरीवर, किती शेतांतल्या मचाणांवर, किती बाजांवर कुणी असंच रात्रभर कुशी बदलल्या असतील, आणि तो आवाज ऐकायला भिंतीपलीकडे कुणी जागं नसेल. पेलाभर पाण्याने बोंडं परत येत नाहीत, भाव चढत नाही, कर्ज फिटत नाही. त्या साऱ्याची उत्तरं दुसरीकडे द्यायची आहेत आणि ती देणाऱ्यांनी द्यायलाच हवीत. पण तोवर ही रात्र असते. ही एकच, आजची, सरता न सरणारी. आणि ती पार करायला माणसाला माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर लागतो. हाकेच्या अंतरावर.

आपण सुबत्तेची पहिली खूण म्हणून भिंत मागतो. वेगळी खोली, बंद दार, जाड पडदा, आतून कडी. मीही मागितली, मला मिळाली, आणि तिचं सुख मी नाकारणार नाही. पण पुण्यातल्या माझ्या घरात शेजारच्या माणसाला किती रात्री झोप नाही हे मला कधी कळणार नाही, आणि माझं त्याला. त्या हॉलमध्ये मला प्रत्येकाची रात्र कळत होती. ती कळणं म्हणजे ओझं होतं, आणि ते ओझं अंगावर घेऊन मी इतकी हलकी कशी झाले होते, हे पहाटेच्या जरा आधी, चंद्राची पट्टी समोरच्या भिंतीवर चढताना, मला उमगलं. माझं स्वतःचं जे काही मी रकान्यात न लिहिता घेऊन आले होते, तेही त्या आवाजांत कुठेतरी उतरून ठेवलं गेलं होतं. कुणी विचारलं नव्हतं. कुणी जागा मात्र दिली होती.

सकाळी अंगणात धूर, राखुंडी, दात घासणारी पोरं, घडी घालून ठेवलेल्या सतरंज्यांचा ढीग. रात्री बोललेला कोण, हे मला ओळखता आलं नाही. उजेडात सगळेच चेहरे त्याचे असू शकत होते. म्हातारी वेणी घालत होती. "झोप झाली का बाई?" "झाली माय." तिने मान हलवली, तिला खरं ठाऊक होतं. कमानीबाहेर आले तर गल्ली अडली होती. म्हशी नदीकडे निघाल्या होत्या. घाई नसलेल्या, ओल्या नाकांच्या, अंगावरून थंडीची वाफ निघत असलेल्या. एकीमागे एक, रस्त्याच्या मधोमध, मोटारसायकलींना न जुमानता. अकबराचा सुभा गेला, सरकार गेलं, सुभेदार गेले, आणि अबुल फजलने लिहून ठेवलेल्या त्या एका ओळीचा अर्थ माझ्यासमोरून शिंगं हलवत चालला होता. मी भिंतीला टेकून त्यांना वाट दिली.

या गावाकडे आता नवी वाट आली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. यवतमाळवरून ती नांदेडपर्यंत न्यायची आहे. आमच्या यवतमाळला रेल्वे म्हणजे शकुंतला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून कापूस वाहून नेणारी, मूर्तिजापूरपर्यंत शेताशेतांतून हलत जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, जिच्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत दम धरला. ती इतकी सावकाश जायची की प्रवासात दिवस मावळायचा, शिदोऱ्या सुटायच्या, डब्यात ओळखी व्हायच्या, उतरल्यावर रात्र कुठे काढायची हा प्रश्न यायचा आणि त्याचं उत्तर कुणाच्या तरी ओसरीत सापडायचं. वेगाने हे प्रश्न संपत जातील. नवी गाडी सकाळी आणील, संध्याकाळी परत नेईल. ते चांगलंच आहे. वर्ध्याला शिकणाऱ्या पोरीला ती हवीच आहे. स्टेशनाजवळ लॉज उभे राहतील, त्यांत वेगळ्या खोल्या असतील, गरम पाणी असेल.

तरी गावाने तो लांबट हॉल राहू द्यावा, असं मला फार मनापासून वाटतं. फरशी बदलावी, छत दुरुस्त करावं, बायकांची मोरी नीट बांधावी, दिवे चांगले लावावेत. पण मधे भिंती घालू नयेत. ज्याच्या खिशात लॉजचे पैसे नाहीत त्याच्यासाठी तर तो हवाच, आणि ज्याच्या खिशात ते आहेत त्याच्यासाठीही हवा, कारण पैसे असलेल्या माणसाला रात्री कुणी विचारत नाही.

पुढच्या संकष्टीला मी लेकीला घेऊन येणार आहे. ती पुण्यात वाढली. तिची स्वतःची खोली आहे आणि त्या खोलीत ती एकटी, कानाला यंत्र लावून, उशिरापर्यंत जागी असते. ती का जागी असते हे मी तिला दारातून पुष्कळदा विचारलं आहे. दारातून विचारलेल्याला ती "काही नाही" म्हणते. त्या हॉलमध्ये तिचं अंथरुण माझ्या अंथरुणाला लागून असेल, आमच्या दोन्ही बाजूंना परकी माणसं असतील, आणि दिवा गेल्यावर ती कूस बदलेल तेव्हा मी तिला अंधारातच विचारणार आहे, त्या म्हातारीने विचारलं तसं.